हॅकरांच्या मेळाव्यात राजकारण नको?

महोदय,

‘हॅकरांच्या मेळाव्यात राजकारण नको, फक्त तंत्रज्ञानावर बोला’ असा सूर अधूनमधून लागतो. तो काही पटत नाही. १९८१ मध्ये स्थापन झालेला जर्मनीतला केऑस कॉम्प्युटर क्लब हा हॅकरांचा संघ सरकारी पाळतीविरुद्ध उघडपणे भांडत आला आहे. डेफकॉन या अमेरिकेतल्या हॅकरांच्या मेळाव्यात २०१७ मध्ये मतदान यंत्रं टेबलावर मांडली होती. काही तासांतच लोकांनी त्यांत शिरकाव केला. हातात स्क्रूड्रायव्हर होता म्हणून ते निव्वळ तंत्रज्ञान झालं का? पक्षांचे झेंडे आणि प्रचार बाहेरच बरे, हे मान्य. त्या गोंगाटात नवखा माणूस प्रश्न विचारायलाच कचरतो. पण पाळतीवरचं सत्र ‘वादग्रस्त’ म्हणून आयोजकांनी गाळलं, तर तोही राजकीय निर्णयच की!

– एक वाचक