छत्तीस पानं

ती. बाबा आणि सौ. आई,
शि. सा. नमस्कार.

फोनवर हे सांगता येत नाही. बाबा स्पीकर लावतात, आई मधेच "जेवली का" विचारते आणि मूळ गोष्ट राहून जाते. म्हणून लिहिते आहे.

मागच्या महिन्यात मी तुम्हाला सांगितलं होतं, की जोहान्सबर्गचं काम पुढे ढकललं. ते खोटं होतं. मला मुंबई विमानतळावरून परत पाठवलं. पासपोर्टमध्ये पानं नव्हती.

रात्री दोन वाजता काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट पुढून चाळला, मग मागून चाळला आणि साहेबांना बोलावलं. दक्षिण आफ्रिकेला दोन पूर्ण कोरी पानं लागतात. माझ्याकडे एकच होतं. दुसऱ्याच्या कोपऱ्यात कुठल्यातरी शिक्क्याची अर्धी गोल कड उमटली होती, नखाएवढी. मी म्हटलं, एवढी जागा तर मोकळी आहे. ते म्हणाले, मॅडम, याला कोरं म्हणत नाहीत. त्यांचंही बरोबर होतं. तिकडून प्रवासी परत धाडला तर भुर्दंड विमान कंपनीवर बसतो. व्हिसा होता, तिकीट होतं, बॅगेत मशीनचे सुटे भाग होते. बॅग घेऊन मी पहाटेपर्यंत चहाच्या ठेल्याजवळ बसून राहिले. तुम्हाला फोन केला नाही, कारण बाबा, तुम्ही रात्रभर येरझाऱ्या घातल्या असत्या.

आता तुमच्याबद्दल. 2017 साली नागपुरातच अर्ज भरताना साठ पानांचा दोन हजाराला आणि छत्तीस पानांचा दीड हजाराला होता. तुम्ही म्हणाला होता, "साठ पानं कायले? कादंबरी लिहायची आहे का बाप्पा?" ते पाचशे रुपये वाचले. त्या तिकिटात किती गेले, ते तुम्हाला सांगत नाही. रागावले नाहीये, तेव्हा मलाही वाटलं नव्हतं की मशीन बसवायला एवढं हिंडावं लागेल.

पानं कशी संपतात, ते आईला कळावं म्हणून सांगते. ढाक्याचा व्हिसा एक अख्खं पान खातो, जर्मनीचाही. नैरोबीहून टांझानियात गाडीने गेलं, की नामांगाच्या नाक्यावर केनियातून बाहेर, टांझानियात आत, आणि परतताना पुन्हा दोन. एका खेपेला चार शिक्के. ते रांगेने मारायला कोण बसलंय? जिथे पान उघडेल तिथे, बरोब्बर मधोमध.

तिथलाच एक किस्सा. गेल्या पावसाळ्यात नाक्यावरचा एक पोक्त अधिकारी जागा शोधत मागून पानं उलटत होता. शेवटच्या पानावर थांबला. बोट ठेवून वाचलं, "सू-मान. कोण ही?" मी म्हटलं, माझी आई. तो मान हलवून पुन्हा आतल्या पानांकडे वळला आणि ढाक्याच्या एका जुन्या शिक्क्याखाली, दोन बोटांच्या फटीत, आपला शिक्का आडवा करून बसवला. आई, एवढी काटकसर तूही फ्रीजमध्ये डबे लावताना करत नसशील.

तुम्हाला आठवतं का, 2018 च्या जानेवारीत ते शेवटचं पान छापायचंच नाही, असं सरकारने ठरवलं होतं? त्याच वेळी काहींना नारंगी पासपोर्ट द्यायची टूम निघाली होती. बाबा म्हणाले होते, "नारंगी तर आपल्या संत्रानगरीलेच पाहिजे." पण तो रंग कमी शिकलेल्या, परदेशी मजुरीला जाणाऱ्यांवर शिक्का मारण्यासारखा होता, लोक खवळले आणि त्याच महिन्यात दोन्ही बेत गुंडाळले. म्हणून माझ्या नामांगावाल्याला वाचायला काहीतरी मिळालं.

तर आता नवा काढते आहे. आपल्याकडे जादा पानं चिकटवून मिळत नाहीत, पुस्तिकाच नवी घ्यावी लागते. अर्जात कारण "पानं संपली" असं निवडायचं. या वेळी साठ पानांचाच. तत्काळचे दोन हजार वरून, म्हणजे चार हजार. बाबा, यावर चर्चा नको. युरोपात 12 ऑक्टोबर 2025 पासून शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायला लागलेत, हे पेपरात वाचून तुम्ही मला छत्तीसचा आग्रह कराल, ठाऊक आहे. ढाका आणि नामांगा अजून शाईवरच चालतात.

आई, जुना पासपोर्ट ते ठेवून घेत नाहीत. कोपरा कापून, रद्दचा शिक्का मारून परत देतात. अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा त्यातच आहे, तो चालतो. दोन्ही सोबत न्यायचे. नव्यात चिप असेल. 2024 मध्ये ती द्यायला लागले, तेव्हा पहिल्या काही शहरांत आपलं नागपूर होतं.

पुण्यातही अर्ज करता आला असता. पण पासपोर्टवर पत्ता प्रतापनगरचा आहे आणि तो मला बदलायचा नाही. पुण्यात तीन घरं बदलून झाली, प्रत्येक घरमालकाचा कागद कुठून आणू? शिवाय दुसरं एक काम आहे. तुमचे दोघांचे पासपोर्ट माझ्या मागोमाग त्याच वर्षी काढले होते, 2027 मध्ये संपतात. मुदतीच्या वर्षभर आधी अर्ज चालतो. म्हणून तिघांची वेळ एकाच दिवशी घेतली आहे, सोमवारी सकाळची. फोटो तिथेच काढतात. आईने पांढरी साडी नेसू नये, मागचा पडदाही पांढराच असतो. ज्येष्ठांची दहा टक्के सूट नव्या पासपोर्टला असते, आपल्याला नाही. बाबा, काउंटरवर विचारू नका.

मागच्या वेळी मला आत सोडून तुम्ही मे महिन्याच्या उन्हात बाहेर डोक्याला दुपट्टा बांधून दोन तास उभे होता. या वेळी तुम्हीही आतच.

तुमच्या दोघांच्या अर्जात मी छत्तीसच भरले आहेत. तुमचे कोरे आहेत, म्हणून ओरडत नाही. पण सोनेगावहून थेट शारजाला विमान जातं, आणि दिवाळीनंतर मला तिथे आठवडाभर काम आहे. सोमवारी रांगेत बसल्यावर बोलू.

शनिवारी सकाळी अजनीला उतरेन. स्टेशनवर येऊ नका, ऑटो करते. जुन्या पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या दोन-दोन पानांच्या झेरॉक्स लागतात, त्या मी काढल्यात. बाबा, तुम्ही पुन्हा दहा प्रती काढाल, तर आईला सांगून ठेवते.

तुमची,
मनू