बाबा, तुमच्या त्या फॉरवर्डबद्दल

प्रिय आई-बाबा,

फोनवर हे बोलणं होतच नाही, कारण बाबा दोन वाक्यं झाली की फोन आईकडे देतात आणि आई लगेच जेवलीस का वर येते, म्हणून लिहूनच टाकते. परवा फॅमिली ग्रुपवर बाबांनी ते फॉरवर्ड टाकलं ना, की एनजीओवाले लोकांचे पैसे स्वतःच्या पगारावर आणि गाड्यांवर उडवतात, त्याच्याखाली मामाने अंगठा दिला, काकूने हात जोडले, मी मात्र गप्प बसले कारण ग्रुपवर वाद घालायचा नाही ही आईची सक्त ताकीद.

असे लोक नसतातच असं मी म्हणत नाहीये. नुसत्या कागदावरच्या संस्था असतात, एकाच घरातले सात जण मेंबर असलेल्या असतात, आणि बाबा, तुमचं आयुष्य बँकेत गेलं, खोटी व्हाउचरं तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिली असतील. पण पगार आणि गाडी म्हणजे चोरी, हे गणित जरा इथे ओडिशातल्या मलकानगिरीत, आमच्या संस्थेच्या हिशेबाला बसून मांडून बघा.

ओडिशात 2011 च्या जनगणनेत 83 टक्के लोक खेड्यात राहणारे. जिल्हे 30, त्यातला आमचा अगदी खालच्या कोपऱ्यातला, एका बाजूला छत्तीसगड, दुसऱ्या बाजूला आंध्र. जिल्ह्यात रेल्वे नाही. गाडी पकडायची तर कोरापुटमधल्या जैपूरला जायचं (राजस्थानचं नव्हे, मामाने मागच्या वेळी तेच समजून मला रजया आणायला सांगितल्या होत्या), आणि भुवनेश्वर म्हणजे रात्रभर बस. बालिमेला धरणाच्या पाण्याने इथला एक अख्खा भाग तोडला होता, कित्येक वर्षं लोक लाँचने ये-जा करायचे, दवाखाना असो की रेशन. 2018 मध्ये गुरुप्रिया पूल झाला तेव्हा कुठे गाडी पलीकडे जायला लागली. पण पूल संपला की पुढे डोंगर आहेत आणि गावं म्हणजे एका ठिकाणी बारा घरं, मग चढ, मग पुढची दहा घरं. तिथे जायचं म्हणजे बाईक, पेट्रोल, पंक्चर, कधी मुक्काम, आणि तिथली भाषा येणारं माणूस, कारण आत बऱ्याच गावांत उडिया बोलूनही भागत नाही. हा सगळा खर्च माझ्याकडे येतो आणि मी तो कुठल्या हेडखाली टाकायचा म्हणून बसते डोकं धरून.

आता तुमच्या आवडीचा विषय, नियम. परदेशी पैशांचा जो कायदा आहे, एफसीआरए, त्यात 2020 मध्ये बदल झाला आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली. ऐकायला एकदम बरोबर वाटतं, मलाही वाटलं असतं. पण प्रशासकीय म्हणजे काय काय धरलंय ते बघा. ऑफिसचं भाडं, वीज, फोन, हिशेब ठेवणं, अहवाल लिहिणं आणि भरणं, आणि गाड्या चालवणं आणि दुरुस्त करणं. शाळेतल्या शिक्षकांचे, दवाखान्यातल्या डॉक्टरांचे पगार त्यात येत नाहीत, ते ठीक आहे. पण ज्या संस्थेकडे शाळा नाही, दवाखाना नाही, जिचं कामच गावोगाव जाणं आहे, तिच्या गाडीचं पेट्रोल प्रशासकीय? शहरातल्या वस्तीत काम करणारी संस्था चालत जाऊन येते, तिला तोच 20 चा नियम आणि आम्हालाही तोच.

त्याच बदलात आणखी एक गोष्ट झाली आणि माझ्या मते छोट्या संस्थांना तीच जास्त लागली. आधी मोठी संस्था परदेशी निधी घ्यायची आणि त्यातला काही भाग आत गावात काम करणाऱ्या छोट्या संस्थेला द्यायची. ते पूर्ण बंद झालं. आता ज्याच्या नावावर पैसा आला त्यानेच खर्च करायचा, शिवाय तो आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच उतरला पाहिजे. बँकेबद्दल तुमच्यासमोर मी काही बोलत नाही. पण पाच-सहा माणसांची संस्था स्वतःची एफसीआरए नोंदणी कुठून काढणार आणि काढली तरी सांभाळणार कोण, त्याला परत माझ्यासारखा माणूस लागतो, म्हणजे परत प्रशासकीय खर्च.

मग तुम्ही म्हणाल परदेशी कशाला, आपल्या कंपन्या देतात की. देतात. 2014 पासून मोठ्या कंपन्यांना मागच्या 3 वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सीएसआरला, म्हणजे समाजकामाला, द्यावेच लागतात. फक्त कायद्यातच असं आहे की कंपनी जिथे काम करते तिथल्या भागाला प्राधान्य द्या, आणि ओडिशातल्या कंपन्या कुठे, तर अंगुल, झारसुगुडा, केओंझर, सुंदरगड, जिथे खाण आहे, कारखाना आहे तिथे. ज्याच्या जमिनीखाली काही सापडलं नाही त्याच्या गावात बोर्ड पण लागत नाही. (ज्याच्या जमिनीखाली सापडलं त्याचं काय होतं ते वेगळं पत्र होईल, तो विषय काढला की बाबांचं बीपी वाढतं.)

आणि जे देतात त्यांना वस्तू द्यायची असते. एका कंपनीने बायकांच्या गटांना नाचणी मळायची मशीनं दिली, फोटो झाले, मशीनवर नाव रंगवलं, खूप छान. वर्ष संपलं, प्रोजेक्ट संपला. पुढच्या हंगामात बेल्ट तुटला. बेल्टची किंमत काहीच नव्हती हो, पण तो जैपूरहून आणून बसवणारा आमचा मुलगा त्या बजेटमध्ये नव्हता, कारण प्रपोजलमधून पहिली काट त्याच्याच पगाराला लागली होती. मशीन झाकून ठेवलंय आणि बायका परत काठीने झोडपतायत. त्या मशीनचा सगळा खर्च शंभर टक्के लाभार्थींवर झाला असं सर्टिफिकेट मीच टाइप केलंय बाबा, आणि ते खोटं नाहीये, हीच गंमत आहे.

याच नाचणीचं दुसरं उदाहरण पण आहे, सगळंच रडगाणं नको. इथे तिला मांडिया म्हणतात. 2017 ला राज्य सरकारने भरडधान्यांसाठी मिलेट मिशन सुरू केलं, आधी 7 जिल्ह्यांतले 30 ब्लॉक, त्यात आपला जिल्हा होता, आणि ब्लॉकमध्ये काम करायला स्थानिक संस्थांना सोबत घेतलं. बियाणं, हमीभावाने खरेदी हे तर होतंच, पण गावात राहून शेतकऱ्यांबरोबर फिरणाऱ्या माणसाचा खर्च पण धरलेला होता. म्हणून चाललं असं माझं मत आहे, बाकीचे लोक बाकीची कारणं देतात.

आई, तुला एनजीओ म्हटलं की बाबा आमटे, अभय आणि राणी बंग आठवतात, आणि मग तू म्हणतेस ती त्यागाची कामं, त्यात पगार कसला मागायचा. अगं पण गडचिरोलीत बंगांनी जे केलं ते काय होतं? गावातल्याच बायकांना शिकवलं, त्या घरोघरी जाऊन बाळ-बाळंतिणीला बघायच्या, आणि नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले, 1999 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. मोठं हॉस्पिटल नाही, मोठं मशीन नाही, बाई शिकवून तयार करणं, तिने जाणं, तिच्यावर कोणीतरी देखरेख ठेवणं, तिची नोंदवही तपासणं. त्या फॉरवर्डच्या हिशेबाने यातलं निम्मं उधळपट्टीत जाईल. आणि त्याग एखाद्या घरातली दोन माणसं करतील, पण 30 जिल्ह्यांत काम करायचं तर त्यागावर भरती करता येत नाही, इथल्या पोरांना बहिणीचं लग्न असतं, घराचा पत्रा बदलायचा असतो, ती आंध्रात बांधकामावर निघून जातात कारण तिथे रोज हातात पैसे मिळतात. आमचा सगळ्यात चांगला मुलगा तसाच गेला, कोया, म्हणजे इथल्या आदिवासींची एक भाषा, बोलणारा तो एकच होता.

मी पर्मनंट कधी होणार या प्रश्नाचं उत्तर म्हणजे नाही होणार, दरवर्षी मार्चमध्ये करार संपतो, एप्रिलमध्ये नवीन होतो, कधी कधी मे उजाडतो. पीएफ कापला जातो, काळजी करू नकोस.

बाबा, तुमच्या वॉकिंगमधल्या काकांना दीडशे वह्या पाठवायच्या आहेत म्हणालात. त्यांना सांगा वह्या नकोत, कुरियरचाच खर्च जास्त होईल आणि वह्या इथल्या हाटात मिळतात. द्यायचेच असतील तर पैसे द्या आणि कशासाठी ते लिहू नका, संस्थेला जिथे लागतील तिथे वापरू द्या. चेक किंवा ट्रान्सफर, रोख 2000 च्या वर 80जी ला, म्हणजे देणगीवरच्या टॅक्स वजावटीला, चालत नाही, पॅन नंबर लागेल, सर्टिफिकेट पुढच्या मेअखेरपर्यंत मिळेल. आणि ते नव्या टॅक्स पद्धतीत असतील तर वजावट मिळतच नाही हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर नंतर तुमच्याशी बोलणं सोडतील.

30 सप्टेंबरच्या आत ऑडिट रिपोर्ट जायचाय, त्यानंतर सुट्टी टाकते. दिवाळीचं तिकीट तुम्हीच बघून ठेवा, विशाखापट्टणमहून. आई, मांडियाचं पीठ आणते, पण भाकरी तू करायची, माझी तुटते.

तुमची,
पिंकी