बाबा, यंदा कार्ड काढूनच घेऊ

पुणे, २१ जुलै २०२५

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

काल दादाचा फोन आला. आशाताई मोफत उपचारांच्या आरोग्य कार्डासाठी घरी येऊन गेल्या आणि बाबांनी त्यांना चहा देऊन तशाच परत पाठवलं, म्हणाला. ‘फुकटचं घेऊन कुणाचं मिंधं व्हायचं नाही’, एवढंच बोललात म्हणे. हे फोनवर काढलं की तुम्ही फोन आईच्या हातात देता, बाबा. म्हणून लिहिते आहे. पूर्ण वाचा.

एप्रिल २०२१ मधली ती दुपार मी विसरलेले नाही. मी ई-पास काढून पोचले तेव्हा दादा तुम्हाला रिक्षात धरून बसला होता आणि ऑक्सिजन ८६ वर आला होता. त्या हॉस्पिटलच्या दारातच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा बोर्ड होता. आईच्या पिशवीत केशरी रेशनकार्ड होतं. मी काउंटरवर ते पुढे केलं, तर ‘योजनेचा बेड नाही, पैसे भरणार असाल तर आहे’ असं उत्तर मिळालं. योजनेच्या रुग्णांना मदत करायला हॉस्पिटलात बसतो त्या आरोग्यमित्राची खुर्ची रिकामी होती. तो स्वतःच पॉझिटिव्ह होऊन घरी पडलाय, असं वॉर्डबॉयने सांगितलं. आम्ही पुढे काही विचारलं नाही. बेड मिळतोय यातच जीव भांड्यात पडला होता. अकरा दिवस, एक लाख चौऱ्याहत्तर हजार. आईच्या पाटल्या गेल्या आणि तुमचं पिकोचं मशीन गेलं. शुद्धीवर येऊन घरी आल्यावर तुम्ही पहिली नजर त्या रिकाम्या कोपऱ्याकडे टाकलीत, ती मी पाहिली होती.

पुढच्या वर्षी मला आरोग्यमित्राचं काम मिळालं आणि पहिल्या प्रशिक्षणातच माझ्या पोटात गोळा आला. केशरी कार्डवाले आपण तर २०१२ पासूनच त्या योजनेत होतो. ती जुलै २०१२ मध्ये सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला सोलापूर जिल्हा होता. तेव्हा तिला राजीव गांधी जीवनदायी म्हणत. कोरोना आल्यावर मे २०२० मध्ये सरकारने पांढऱ्या कार्डवाल्यांनाही तिच्यात घेतलं, म्हणजे राज्यातलं कुणीच बाहेर राहिलं नाही. आणि बाबा, सगळ्यात जिव्हारी लागलं ते हे: तुम्ही आजारी पडलात त्या वर्षी आपल्यासारख्या कुटुंबांचा विम्याचा हप्ता सरकारने कंपनीकडे भरत ठेवलेला होता. तुमच्या नावाचा विमा होता आणि तरी तुमचं मशीन विकावं लागलं.

मग फुकट कशाला म्हणायचं? चाळीस वर्षं तुम्ही शिवताय. दोऱ्याचं रीळ, अस्तर, कॅनव्हास, बटणांचं पाकीट, मशीनचं तेल, प्रत्येक वस्तूवर कर भरलात. सरपंचांच्या पोरांचे गणवेश उधारीवर शिवलेत, त्याचेही पैसे कधी मागितले नाहीत. तुमच्याच पैशातून तो हप्ता गेला आहे.

माझ्या टेबलासमोर रोज माणसं येतात. बोट कापलेला गवंडी येतो, डायलिसिसची बाई येते, हार्ट अटॅक आलेला भाजीवाला येतो. मी रेशनकार्ड आणि आधार बघते, नोंद करते, डॉक्टरांचे कागद वर मंजुरीला पाठवते. मंजुरी आली की ऑपरेशन, औषधं, जेवण आणि घरी जायचं गाडीभाडंसुद्धा योजनेतून होतं. ती माणसं मला तुमच्यासारखीच दिसतात आणि त्यांना मी मिंधी मानू शकत नाही. योजनेत दोष नाहीत असं मी म्हणणार नाही. पॅकेजं ठरलेली, दर ठरलेले. ते परवडत नाहीत म्हणून योजनेच्या रुग्णाला टाळणाऱ्या जागा महामारीत होत्या, आजही एखादी भेटते. म्हणून तर कागद हातात आणि नंबर पाठ हवा: १५५३८८. कुणी ‘बेड नाही’ म्हणालं की तिथेच उभं राहून हा नंबर फिरवायचा. त्या दिवशी मला तो माहीत असता तर निदान विचारलं तरी असतं.

दुकानात तुमच्या डोक्यामागे जोतिबा फुल्यांची तसबीर आहे, रोज सकाळी तुम्ही ती पुसता. मी कामाला जाताना हडपसरवरून जाते. १८९७ च्या प्लेगमध्ये त्यांच्या मुलाचा, डॉक्टर यशवंतरावांचा, दवाखाना तिथल्या माळावर होता. मुंढव्याहून एका आजारी पोराला पाठीवर घेऊन सावित्रीबाई तिथे गेल्या, आणि त्याच साथीत १० मार्चला त्या वारल्या. त्या पोराच्या बापाला कुणी मिंधा म्हटलं असेल का, बाबा?

आता कामाचं. शाळेत लावलेल्या १ जून १९५५ या तारखेने तुम्ही गेल्या महिन्यात सत्तरीचे झालात. खरा जन्म आषाढातला आहे हे आजी सांगायची, पण आधार शाळेचंच ऐकतं. सत्तर पूर्ण झालेल्यांना केंद्राचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, गेल्या ऑक्टोबरपासून. उत्पन्न विचारत नाहीत, फक्त आधार लागतं. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार. आईचं कार्ड रेशनकार्डावरून वेगळं निघेल. तुमच्या बोटांचे ठसे सुईने झिजलेत, बँकेत उमटत नाहीत, ते मला माहीत आहे. मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने काम होतं. फक्त आधारला दादाचा जुना बंद नंबर जोडलेला असेल तर तो आधी बदलायला लागेल.

आई, तुझ्यासाठी वेगळं लिहिते. पाण्याची घागर उचलली की छातीत भरून येतं आणि तू ओट्याला टेकून उभी राहतेस, हे वहिनीने सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस. ‘खर्च होईल’ म्हणून तू गप्प आहेस. दवाखान्यात दाखल न होता केलेल्या तपासण्या योजनेत बसत नाहीत, ते पैसे मी बाजूला ठेवलेत. अँजिओप्लास्टी लागलीच तर ती योजनेत आहे. तू फक्त ये. कोरोनात बाबांनीही चार दिवस ‘साधा ताप आहे’ म्हणून काढले होते.

मी शुक्रवारी रात्रीच्या एसटीने निघते, शनिवारी सकाळी पोचेन. सेवा केंद्रवाल्या पोराशी बोलले आहे, तो अकरा वाजता थांबणार आहे. बाबा, त्या दिवशी दुकान दुपारनंतर उघडा. आई, रेशनकार्ड, दोघांची आधार आणि बाबांचं ते जुनं डिस्चार्जचं कार्ड एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेव, पाऊस आहे.

तुमची,
सुनंदा