हिशोबाशिवाय कसले सहकार्य?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हवामान बदलाच्या प्रश्नावर उद्योग, पालिका आणि नागरिक संस्था एकत्र आल्याचे कौतुक करणारा कालचा लेख वाचला. एकत्र यायलाच हवे, त्याबद्दल दुमत नाही. पण एवढ्या लांबलचक लेखात हरितगृह वायूंचे उत्सर्जन किती घटले याचा एक आकडा नसावा, याची चीड आली.

अशाच एका संयुक्त समितीत मी नागरिकांच्या बाजूने बसत असे. कंपनीने ‘नेट झिरो’चा, म्हणजे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचा, आराखडा मांडला. त्यात कारखान्यात जळणारे इंधन आणि विकत घेतलेली वीज, म्हणजे स्कोप १ आणि २, व्यवस्थित होते. कच्चा माल, पुरवठादार, वाहतूक, विकलेल्या मालाचा वापर हा सगळा स्कोप ३ मात्र गायब. बहुतेक उद्योगांचा सर्वांत मोठा वाटा त्यातच असतो. मी विचारले, तर ‘ते पुढच्या टप्प्यात’. पालिकेचे अधिकारी गप्प. नंतर इतिवृत्त हाती आले, त्यात माझा प्रश्नच नव्हता. ‘आराखड्यास सर्वांनी सहमती दर्शवली’ एवढेच होते. दुरुस्तीसाठी पत्र दिले. पोच मिळाली, दुरुस्ती नाही. संस्थांना फक्त सहीपुरते बोलावता का?

काय करायला हवे ते माहीत नाही, अशी सबब चालणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी नेमलेल्या, कॅथरीन मॅकेना यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ गटाने नोव्हेंबर २०२२ मध्येच कंपन्या, बँका आणि शहरांना बजावले आहे: स्कोप ३ धरून सगळे उत्सर्जन मोजा, प्रगती दरवर्षी जाहीर करा, स्वस्त कार्बन क्रेडिट, म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कपातीचे श्रेय, विकत घेऊन प्रत्यक्ष कपात टाळू नका. तरीही सगळे ऐच्छिकच. २०२१ मध्ये गाजावाजा करून सुरू झालेल्या बँकांच्या नेट झिरो आघाडीतून अमेरिकेतल्या बड्या बँका २०२४ च्या अखेरीपासून एकामागून एक बाहेर पडल्या आणि त्यांना कोणी अडवू शकले नाही. पालिका निदान स्वतःच्या निविदांमध्ये उत्सर्जनाचा जाहीर हिशोब देण्याची अट घालू शकते. ती घातल्याशिवाय मंचावरचे फोटो काढू नयेत.

आणि एक तक्रार आपल्याबद्दलही आहे. त्याच लेखाशेजारी एका कंपनीचा ‘हरित वाटचाल’ असा मजकूर बातमीच्याच टायपात छापला होता. ‘जाहिरात’ हा शब्द खाली कोपऱ्यात, चष्मा लावूनही दिसेना. पुढच्या वेळी तो मथळ्याच्या वर, ठळक छापावा, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक