काउंटरमागे एक स्टूल हवं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्नसराई सुरू झाली की आपल्या पेपरात बाजारपेठ फुलल्याची बातमी येते. फोटोत साड्यांचे ढीग असतात, हसरी गिऱ्हाइकं असतात. त्या ढिगांमागे जे उभे असतात, त्यांच्यासाठी हे पत्र.

मी कराडच्या एका कापड दुकानात सेल्समन आहे. सकाळी साडेनऊला शटर वर जातं. झाडलोट, देवाला अगरबत्ती, मग रात्रीच्या विस्कटलेल्या साड्यांच्या घड्या. बस्त्याची पार्टी आली की चार-चार तास तिथंच जातात. नवरीची पैठणी, करवलीची साडी, आत्याचा मान, मामीचा मान, व्याह्यांचे टॉवेल-टोपी. शंभर साड्या उलगडाव्या तेव्हा पंधरा-वीस बांधल्या जातात. बाकीच्यांची घडी पुन्हा आमच्याकडेच. याचा मला कधी कंटाळा आला नाही. पदर खांद्यावर टाकून आरशात बघताना एखाद्या माउलीचा चेहरा खुलतो, ते बघायला आजही आवडतं. त्रास एकाच गोष्टीचा होतो. जेवणाची वेळ सोडली, तर रात्री नऊपर्यंत टेकायला मिळत नाही.

हा धंदा मी मुंबईत शिकलो. वडील लालबागला गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. जानेवारी 1982 मध्ये संप झाला आणि त्यांची नोकरी गेली ती गेलीच. 1985 साली, सतराव्या वर्षी, मी दादरला रानडे रोडच्या बाजूला एका साडीच्या दुकानात लागलो. पांढरीशुभ्र गादी, भिंतीला लोड. गिऱ्हाईक चपला काढून गादीवर बसायचं आणि समोर आम्हीही मांडी घालून. बसल्या जागेवरून साडीला असा झोका द्यायचा की काठ न मुडपता पदर थेट गिऱ्हाइकाच्या गुडघ्याशी जाऊन थांबला पाहिजे. हे हाताला बसायला मला सहा महिने लागले. वडिलांच्या पिंढऱ्यांवर साच्यापुढे उभं राहून दोरीसारख्या निळ्या शिरा आल्या होत्या. ते म्हणायचे, ‘पगार कमी असू दे, तुला बसून मिळतोय.’

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला. लोकल बंद, हिंदमाताला पाणीच पाणी. आमच्याकडे सात-आठ बायका आणि दोन पोरं अडकली. शेठनी चहा-बिस्किटं आणवली. आम्ही गादीवर कोऱ्या चादरी अंथरल्या, नऊवारीचे गठ्ठे उशाला दिले. पहाटे उजाडल्यावर एक आजी गादीवरून हात फिरवून, नमस्कार करून गेल्या. मुंबई आठवली की मला समुद्राआधी ती गादी आठवते. पुढच्या वर्षी आईच्या आजारपणामुळे गावाकडं आलो.

इथलं दुकानही आधी गादीचंच होतं. आठ वर्षांपूर्वी शोरूम झालं. काच आली, एसी आला, उंच काउंटर आले, गिऱ्हाइकांना खुर्च्या आल्या. आम्ही मात्र उभे राहिलो. दुकानात कुणी नसलं तरी बसायचं नाही, कॅमेऱ्यात दिसतं. माझ्याबरोबर पाच मुली आहेत, रोज एसटीनं येणाऱ्या. दुपारी चारनंतर काउंटरच्या आतल्या बाजूला बघा : चप्पल काढलेली, एका पायावर दुसरा पाय, थोड्या वेळानं पायांची अदलाबदल. मागच्या वर्षी सातवा महिना लागलेली एक जण स्टॉकरूममध्ये पुठ्ठ्याच्या खोक्यावर घटकाभर बसली, तर तिला हाक मारून बाहेर उभं केलं. ते खोकं एका कोपऱ्यात दबलेलं तसंच आहे. मी ते फेकू दिलेलं नाही. माझ्याही पिंढऱ्यांवर आता वडिलांसारख्याच शिरा आल्यात.

केरळात कोझिकोडच्या दुकानांत काम करणाऱ्या बायका यासाठी लढल्या. विजी नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी त्यांची ‘पेनकूट्टू’ संघटना उभी केली. 2018 साली तिथल्या सरकारनं दुकानांच्या कायद्यात बसण्याची सोय बंधनकारक केली. 2021 मध्ये तामिळनाडूनंही तसाच कायदा केला. आपल्याकडं 2017 चा दुकाने व आस्थापना अधिनियम आला, तेव्हा त्यात सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती होती. ती हवीच, पण तेवढ्यानं भागत नाही. केरळसारखं स्पष्ट कलम महाराष्ट्रातही व्हावं आणि आमच्या भागातल्या आमदारांनी ते विधानसभेत मांडावं, ही माझी कळकळीची विनंती आहे.

व्यापारी बांधवांनी कायद्यासाठी थांबायचंही कारण नाही. आणि आयाबहिणींनो, सेल्समन बसून साडी दाखवतोय म्हणजे तुमचा मान ठेवत नाही, असं कृपा करून समजू नका. दादरला तुमच्या आया-सासवांना आम्ही बसूनच साड्या दाखवल्यात.

दीड फुटाचं स्टूल आमच्या काउंटरखाली बरोबर मावतं. मीटरपट्टीनं मोजून बघितलंय.

आपला,
एक साडी सेल्समन, कराड
(कृपया नाव छापू नये.)