आधी अर्थिंग, मग गाडी

धुळे
आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) दुसरा दिवस

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर बोलणं अर्धवटच राहिलं. "आपल्याकडे ही बॅटरीची गाडी चालेल का, खरं सांग" एवढंच तू विचारलंस आणि तिकडे कोणीतरी आलं. दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतंच, म्हणून सविस्तर लिहितो. शोरूमवाले जे सांगतात ते खोटं नसतं. पण त्यांनी शहाद्याचा तुझा मळा पाहिलेला नाही, मी पाहिलाय.

आधी उत्तर देऊन टाकतो. कापसाच्या जिनिंग मिलच्या नावावर घेतलेली ही बीएमडब्ल्यू आयएक्स एक्सड्राइव्ह ५० मी भरपूर चालवली आहे, आणि इतकी सुखाची गाडी आजवर माझ्या हाती आली नाही. तरीही तू घ्यावी की नाही, हे गाडीवरून ठरणार नाही. ते तुझ्या मळ्यातल्या विजेवरून ठरेल.

पण आधी चालवण्याचं सांगू दे, कारण तेच सांगायला मन अधीर झालंय. लळिंगच्या चढावर भरलेल्या ट्रकांच्या मागे डिझेल गाडीत आपण कसे अडकतो ते तुला माहीत आहे. गिअर खाली घ्या, टर्बो जागा होईपर्यंत थांबा, तोवर समोरची फट बुजलेली. इथे पाय दाबला की गाडी निघाली. पुढे एक, मागे एक अशा दोन मोटरी आहेत, मिळून ५२३ हॉर्सपॉवर आणि ७६५ न्यूटन-मीटर टॉर्क. शून्यावरून १०० ला ४.६ सेकंदांत पोचते म्हणतात, पण त्या आकड्याचा तुला-मला उपयोग नाही. उपयोग आहे तो साठावरून नव्वदवर जाण्याचा, आणि ते इतकं चटकन होतं की ओव्हरटेक करताना पोटात गोळा येणं बंद झालं. माझ्या मते या गाडीची पहिली सुरक्षितता हीच.

वजन अडीच टनांच्या आसपास आहे. बॅटरी सगळी पायाखाली, फरशीत पसरलेली, त्यामुळे वळणावर गाडी झुकत नाही. औट्रम घाटात मात्र लागोपाठच्या वळणांवर ते वजन जाणवतं, विशेषतः उतारावर. तिथे गिअरचा खटका 'बी'वर टाकायचा. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटर उलट काम करायला लागते, गाडी आपोआप मंदावते आणि वीज परत बॅटरीत जाते. यात जादू नाही, हिशोब आहे. अडीच टन वजन ३०० मीटर खाली उतरलं की साधारण दोन युनिट ऊर्जा मोकळी होते. डिझेल गाडीत ती ब्रेक तापवण्यात जाते, इथे त्यातलं एक-दीड युनिट परत मिळतं. कन्नडहून चाळीसगावला उतरलो तरी ब्रेकचा वास नाही, हे मला रेंज वाढण्यापेक्षाही मोठं वाटलं.

आणि शांतता! माझ्या मायला मागच्या सीटवर बसवून पारोळ्याकडे निघालो, तर फागणे ओलांडल्यावर ती विचारते, "गाडी चालू शे का बंद?" तिचे गुडघे तुला माहीत आहेत. जुन्या मोठ्या गाडीत चढायला तिला पाटावर पाय ठेवावा लागायचा. हिची सीट तिच्या कमरेच्या उंचीला येते, आत मधे उंचवटा नाही, फरशी सपाट. चपला काढून ती पाय पसरून बसली. दार आतून उघडायला मात्र कडी नाही, बटण आहे, आणि ते तिला दर वेळी दाखवावं लागतं. आखाजीसाठी ताईला आणायला गेलो तेव्हा तिथे चहापाणी, बोलणं असं लांबत गेलं. मायला बाहेरच्या उन्हात उतरायचं नव्हतं. ती गाडीतच बसून राहिली, एसी चालू, इंजिन नाही, धूर नाही, आवाज नाही. त्याला तासाला एक-दोन युनिट गेली असतील. आपल्याकडच्या वैशाखात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो तेव्हा म्हाताऱ्या माणसासाठी याच्याहून मोठी चैन नाही. निघायच्या आधी मोबाइलवरून एसी लावता येतो, म्हणजे तापलेल्या सीटवर कोणाला बसावं लागत नाही.

आता रेंज. बॅटरीत वापरता येतात अशी सुमारे १०५ युनिट आहेत. कागदावर ६३५ किलोमीटर लिहिलंय, ते विसर. हायवेवर शंभर-एकशे दहाने, चार माणसं, एसी पूर्ण, असं धरलंस तर १०० किलोमीटरला बावीस-चोवीस युनिट लागतात. म्हणजे भरलेल्या गाडीत साडेचारशे. त्यातही कोणी शेवटच्या टिपूसापर्यंत चालवत नाही, म्हणून मनात ३५० धर. धुळ्याहून मुंबई सव्वातीनशेच्या आसपास, थेट पोचता येतं. तुला शहाद्याहून आणखी नव्वद-पंच्याण्णव, म्हणजे वाटेत एकदा थांबणं आलंच. उन्हाने रेंज थोडी घटते खरी, कारण बॅटरी थंड ठेवायलाही वीज लागते. पण खरी खाणारी गोष्ट वेग आहे. एकशे तीसने पळवलीस तर साडेचारशेचे साडेतीनशे व्हायला वेळ लागत नाही.

वाटेत चार्जिंगचं असं आहे की मालेगाव ते नाशिक पट्ट्यात हायवेवरच्या हॉटेलांत, पंपांवर चार्जर आता दिसतात. ही गाडी १९५ किलोवॅटपर्यंत वीज ओढू शकते, पण रस्त्यावर भेटणारा चार्जर बहुतेक ३० नाहीतर ६० किलोवॅटचा. साठाच्या चार्जरवर २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर न्यायला तासाच्या थोडं वर. ८० च्या पुढे वेग उतरत जातो, म्हणून तिथे खोळंबून राहू नकोस, निघ. जेवणाची वेळ साधलीस तर तो तास अंगावर येत नाही. अंगावर येतं ते दुसरंच. एका ठिकाणी पोचलो तर चार्जर उभा, स्क्रीन चालू, पण केबल लावली की बंद पडायचा. फोन लावला तर दुसऱ्या जागेचा पत्ता सांगितला. तिथे आधीच एक गाडी लावून तिचा मालक गायब! तेव्हा निघण्याआधी नुसता नकाशा पाहू नकोस, तिथल्या हॉटेलवाल्याला फोन करून विचार. प्रत्येक कंपनीचं ॲप वेगळं, पाकीट वेगळं. वहिनींनी एकटीने मुंबईला जायचं म्हटलं तर ही सगळी ॲपं त्यांच्या मोबाइलमध्ये आधीच चालू करून दे. शहाद्याहून तळोदा, अक्कलकुवा, धडगाव असं कुठे निघालास तर घरून भरूनच निघ, वाटेवरच्या चार्जरच्या भरवशावर राहू नकोस.

आता मुख्य गोष्ट. गाडीचा खरा पंप तुझं घर असतं, आणि तुझं घर मळ्यात आहे.

१५ अँपिअरच्या साध्या पिनवर ही गाडी भरायला दीड-दोन दिवस लागतील. म्हणून थ्री फेज हवं. ११ किलोवॅटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवरचा चार्जर, बसवला की रात्री जेवण झाल्यावर लावलेली गाडी सकाळच्या चहाला पूर्ण भरलेली असते. पण तुझ्याकडे थ्री फेज आहे ते शेतीपंपाचं. त्या फीडरला आठ तास वीज, तीही आठवड्यागणिक कधी दिवसा, कधी रात्री. आणि मुख्य म्हणजे ते कनेक्शन पंपासाठीच असतं. त्यावर गाडी लावलीस तर तो अनधिकृत वापर ठरतो, दंड बसतो. तेव्हा घरगुती थ्री फेज कनेक्शन वेगळं घ्यावं लागेल आणि मंजूर लोड वाढवावा लागेल. गावठाण फीडर, म्हणजे गावातल्या घरांची लाइन, तुझ्या मळ्यापर्यंत कुठून येतो, तिथल्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) आधीच किती लोड आहे, हे वायरमनला सोबत घेऊन बघ. रब्बीत रात्री सगळे पंप चालू झाले की तुमच्याकडे दिवे कसे मिणमिणतात ते मी पाहिलंय. व्होल्टेज इतकं पडलं तर वॉलबॉक्स चार्जिंग थांबवतो, आणि सकाळी गाडी अर्धी भरलेली मिळते.

त्याहून महत्त्वाचं अर्थिंग. आमच्याकडे वॉलबॉक्स बसवला तेव्हा हिवाळा होता, सगळं सुरळीत. मार्च उलटला आणि लाल दिवा लागायला लागला. कधी चार्ज होते, कधी नाही. वायरमनने न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये मीटर लावला तर काटा जागेवर राहीना. मग खड्डा उघडला. आपली काळी माती पावसात लोण्यासारखी, पण उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाइपाभोवतीची माती सुकून, आकसून बाजूला सरकली होती, पाइप आणि माती यांची भेटच तुटलेली. त्याने खड्डा आणखी खोल केला, नवा पाइप घातला, मीठ आणि कोळशाचे थर दिले आणि वरून पाणी सोडत राहिला. माती बुडबुडे काढत पाणी पीत होती. संध्याकाळपर्यंत लाल दिवा गेला. आता उन्हाळाभर त्या खड्ड्यात दर आठवड्याला पाणी टाकण्याचं काम वॉचमनकडे आहे. घरात अर्थिंग कच्चं असलं तरी फ्रिज, टीव्ही काही बोलत नाहीत, वर्षानुवर्षं चालतात. हा चार्जर बोलतो, आणि बोलतो तेच बरं, कारण त्यात अकरा किलोवॅट वाहत असतात आणि पोरं गाडीला हात लावून खेळत असतात. तुमच्याकडे तर गोठाही घराला लागून आहे. ओल्या जमिनीवर उभं जनावर सगळ्यात आधी दगावतं. गाडी घेतली नाहीस तरी हे काम करून घे.

गच्चीवर सोलर टाकायचं तुझ्या मनात होतंच. १० किलोवॅटचं टाकलंस तर दिवसाला चाळीसेक युनिट मिळतील, म्हणजे पावणेदोनशे किलोमीटर. तुझं रोजचं फिरणं त्यात आरामात बसतं. नाहीतर ही वीज शेवटी भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्रातल्या कोळशाचीही असते. साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या आहेत, शिवाजीनगरचा सौर प्रकल्प आहे, पण तारेतून येताना कुठली कुठे गेली हे कोणी सांगू शकत नाही. छपरावरची आपली, एवढं नक्की.

रस्त्याचं थोडक्यात. हवेचं सस्पेन्शन आहे, मोठे खड्डे पचतात. पण चाकं मोठी आणि टायरची भिंत पातळ, त्यामुळे तुटलेल्या डांबराच्या कडेवरून चाक उतरलं की धसका बसतो. रिम वाकायची भीती खरी आहे. डिकीत पूर्ण मापाची स्टेपनी नाही, हे मला मुळीच आवडलेलं नाही. रुंदी जवळजवळ दोन मीटर, तेव्हा उसाच्या बैलगाड्यांच्या दिवसांत तुमच्या पाणंद रस्त्यावर समोरून कोणी आलं तर कोणाला तरी मागे जावं लागेल. पावसाळ्यात फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबायचं. बॅटरी सीलबंद आहे म्हणून धाडस करायचं नाही. बॉनेट मालकाला उघडताच येत नाही. काच धुवायचं पाणी भरायला पुढचा गोल बिल्ला दाबायचा, तो वर येतो आणि त्याखाली तोंड आहे. सर्व्हिसला मोठं शहर गाठावं लागतं. बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर आहे, ती चिंता सोड.

तोरणमाळचं तू विचारलं होतंस. शहाद्यापासून हजारेक मीटर चढायचं, त्याला सपाटीपेक्षा सात युनिट जास्त लागतील, उतरताना चार-पाच परत. वर राहून आलात तरी पुरेल. फक्त वर कुठे पूर्ण भरून खाली निघू नकोस. भरलेल्या बॅटरीत परतीची वीज मावत नाही आणि मग घाटभर ब्रेकच वापरावे लागतात.

पैशाचं तूच माझ्याहून चांगलं जाणतोस. किंमत दीड कोटीच्या घरात. जीएसटी ५ टक्के, तेवढ्याच मोठ्या डिझेल गाडीला ४०. घरच्या विजेला युनिटमागे १५ रुपये लावलेस तर किलोमीटरला साडेतीन रुपये. बाहेरच्या चार्जरवर साडेपाच-सहा, डिझेलला नऊच्या खाली नाही. पण या बचतीसाठी दीड कोटी कोणी घालत नाही. घ्यायची तर आप्पांना आणि वहिनींना नाशिक-मुंबईला सुखाने नेता यावं म्हणून घे. आणि जुनी डिझेल विकू नकोस. मळा, खताच्या गोण्या, धडगावकडची कामं, याला तीच लागेल.

मला विचारशील तर बुकिंग आत्ता करू नकोस. आधी लोडचा अर्ज, मग अर्थिंग, मग सोलर, आणि एक उन्हाळा त्या लाइनवर व्होल्टेज कसं राहतं ते बघ. तुझ्या वीजबिलाचा आणि डीपीचा फोटो पाठव. आमचा वायरमन पुढच्या आठवड्यात मोकळा आहे, त्याला घेऊन मीच येतो, गाडी घेऊनच. त्याचं मोजमाप होईपर्यंत तू आप्पांना बसवून प्रकाशा तीर्थाला जाऊन ये. त्यांना मागची सीट जमते का, ते तिथेच कळेल.

आप्पांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
प्रकाश