घरदुरुस्तीत कात्री कुठे लावायची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरदुरुस्तीचा खर्च कमी करायचा म्हटलं, की पहिला सल्ला मिळतो तो स्वस्त माल शोधण्याचा आणि दुसरा मजुरीत घासाघीस करण्याचा. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतही बहुधा हेच छापून येतं. मला ते अजिबात पटत नाही. एकच काम दोनदा करावं लागलं की खरा पैसा जातो, आणि असं काम बहुतेक वेळा भिंतीच्या किंवा फरशीच्या आत दडलेलं असतं.

ओल आलेल्या भिंतीचंच घ्या. पोपडे सुटलेत, मिठासारखी पांढरी पूड बोटाला लागते, म्हणून रंगारी बोलावला जातो. तो भिंत खरवडतो, पुट्टी भरतो, रंगाचे दोन हात देतो. पण पाणी जिथून येत होतं तिथून येतच राहतं. ते विटा-सिमेंटमधले क्षार विरघळवून पृष्ठभागावर आणतं, तिथे पाणी सुकतं, क्षार मागे राहतात आणि नवा रंग आतून उचलला जातो. रंग कितीही भारी घेतला तरी हे टळत नाही.

आधी पाण्याचा माग काढायला हवा, आणि त्याची सुरुवात जवळजवळ फुकटात होते. पोपडे काढून जागा वरून कोरडी पुसायची, प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बंद करायचा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवायचा. थेंब प्लास्टिकच्या मागे, भिंतीच्या बाजूला जमले तर ओल भिंतीतूनच येते आहे. मग पाइपचे सांधे, वरचं न्हाणीघर, बाहेरच्या भिंतीच्या भेगा तपासाव्या लागतील. थेंब खोलीच्या बाजूला दिसले, तर खोलीतली वाफ गार भिंतीवर धरते आहे. तिथे वॉटरप्रूफिंगवर खर्च करण्याआधी हवा खेळती करून पाहावी.

न्हाणीघराची फरशी बदलतानाही हेच. वॉटरप्रूफिंगचा थर वाळल्यावर, फरशी बसवण्याआधी, निचऱ्याचं तोंड बंद करून किमान 24 तास पाणी साठवून ठेवावं, भिंतीवर पातळीची खूण करावी आणि खालचं छत पाहावं. ठेकेदार ‘गरज नाही’ म्हणाला तरी हटू नये. आमच्या शेजारी ही चाचणी वगळली गेली आणि खालच्या छतातून पाणी ठिबकू लागल्यावर चांगली नवीकोरी फरशी फोडावी लागली. फरशीचा दर पाडून वाचवलेले पैसे कुठल्या कुठे गेले!

विजेच्या कामात तर काटकसरीचा विचारही नको. तारेची जाडी उपकरणाच्या भारानुसारच हवी, अर्थिंग हवं आणि 30 मिलिअँपिअरच्या वीजगळतीला वीज तोडणारा आरसीसीबी हा सुरक्षा-स्विच हवा. भिंत बुजवण्याआधी पाइप आणि तारांचे फोटो मोजपट्टी धरून काढून ठेवावेत. पुढे खिळा ठोकताना किंवा गळती शोधताना उगाच तोडफोड होत नाही.

मग कात्री कुठे लावायची? जिथे चूक झाली तरी ती सहज सुधारता येते, तिथे. स्वयंपाकघरातल्या कपाटांचे सांगाडे मजबूत असतील तर नुसती दारं आणि बिजागऱ्या बदला. सिंक आणि कमोड आहेत तिथेच ठेवा, कारण जागा हलवली की पाइप, उतार, फोडाफोड सगळंच वाढतं. सामान हलवणं, जुना रंग खरवडणं, कडांना पट्टी लावणं ही कामं घरच्यांना जमतात.

मोजमापही स्वतः करा. 12 फूट बाय 10 फुटांच्या, 10 फूट उंचीच्या खोलीच्या भिंती 440 चौरस फूट भरतात. त्यातून 21 चौरस फुटांचं दार आणि 16 चौरस फुटांची खिडकी वजा केली की उरतात 403. हा आकडा हाताशी असला की बिलावर नीट बोलता येतं. फरशी मात्र तुटफुटीसाठी साधारण 10 टक्के जास्त आणि एकाच बॅचची घ्या. नंतर तीच छटा मिळेलच असं नाही.

मजुरीच्या घासाघिशीबद्दल थोडं अधिक बोलायला हवं. कष्टाचा दर पाडणं मला मुळातच योग्य वाटत नाही, आणि त्यात घरमालकाचाही फायदा नसतो. परवडत नसलेलं काम कारागीर उरकतो. नव्या सिमेंटच्या गिलाव्याला निदान 7 दिवस पाणी मारायला हवं आणि रंगाआधी साधारण 4 आठवडे वाळू द्यायला हवं. घाईत हे दोन्ही सुटतं. त्यापेक्षा दोन-तीन जणांकडून लेखी कोटेशन घ्यावं. त्यात एकरकमी आकडा नको. मालाचा दर्जा, चौरस फूट, रंगाचे हात, राडारोडा कोण उचलणार, हे सगळं वेगवेगळं लिहिलेलं हवं. मगच तुलना होते, आणि स्वस्त दिसणाऱ्या कोटेशनमधून काय गाळलंय तेही कळतं. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत, शेवटचा हप्ता नळ, निचरा, स्विच सगळं चालवून पाहिल्यावर.

आपल्या पुरवणीत सजवलेल्या खोल्यांचे फोटो जरूर छापा. पण एकदा कोटेशनचा असा कोरा नमुनाही छापावा, ही कळकळीची विनंती. वाचक तो कापून थेट ठेकेदाराच्या हातात देऊ शकतील.

आपली,
एक नियमित वाचक